जहाजावरचे जादा पैशांचे जेवण : घ्यावे की सोडावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांच्या बोलण्यात एक नवा शब्द आला आहे, तो म्हणजे 'क्रूझ'. सळई, सिमेंट, पाईप, रंग, बियाणे अशा मालाच्या कंपन्या वर्षाचे 'टार्गेट' पुरे करणाऱ्या विक्रेत्यांना पूर्वी गोव्याला किंवा बँकॉकला नेत असत. आता तीत समुद्रसफरीची भर पडली आहे. काही बांधव तर स्वतःच्या खर्चाने, बायकामुलांना घेऊन जाऊ लागले आहेत. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी आहे. पाळण्यातून उठून माणूस जहाजावर गेला तर त्यात वाईट काही नाही. पण जहाजावर गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक प्रश्न समोर येतो आणि बहुतेकांची तेथे फसगत होते. म्हणून आजच्या पाठात आम्ही तोच विषय घेतला आहे.

प्रश्न असा. तिकिटात तिन्ही वेळचे जेवण धरलेले असते. त्यासाठी एक मोठा भोजनकक्ष असतो आणि आपल्या हाताने वाढून घेण्याचा 'बुफे' असतो. त्याशिवाय त्याच जहाजावर दोन, चार, मोठ्या जहाजांवर दहा-दहा अशी वेगळी उपाहारगृहे असतात. कोठे जपानी, कोठे इटालियन, कोठे फक्त भाजलेल्या मांसाचे. त्यांना 'स्पेशालिटी रेस्टॉरंट' म्हणतात आणि तेथे बसायचे तर वेगळे पैसे मोजावे लागतात. ते मोजावेत की नाहीत?

परतूरकडील एक सिमेंट विक्रेते आमचे स्नेही आहेत. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या खर्चाने ते सपत्नीक सिंगापूरहून निघणाऱ्या एका परदेशी जहाजावर गेले. कंपनीचे व जहाजाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पहिल्या संध्याकाळी बरोबरचे आठ-दहा विक्रेते 'खास' ठिकाणी निघाले. आपण मागे राहिलो तर हे लोक काय म्हणतील, या संकोचाने आमचे स्नेहीही निघाले. बसल्यावर कळले की माणशी ठराविक रक्कम आहे, खा अगर खाऊ नका. मांस हलाल आहे काय, असे विचारले तर वाढप्याने अदबीने सांगितले की खात्री देता येणार नाही. मासळीच्या रश्श्यात वाईन होती. मिठाईत रम होती. मग दोघांनी पाव, लोणी व कोशिंबीर खाल्ली, दोघांचे पुरे पैसे खोलीच्या खात्यावर लावून घेतले आणि रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावरील बुफेत जाऊन वरण-भात जेवले. तो वरण-भात तिकिटातलाच होता!

ही गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली, पण आम्हाला तीत व्यापाराचा मोठा धडा दिसला.

खाडा धरत नाहीत

आपल्याकडे खाणावळीत महिन्याचे पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते की, जितके दिवस जेवलो नाही तितके 'खाडे' धरून पैसे कमी होतात. जहाजावर एके काळी ही पद्धत होती. 1905 साली हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' नावाच्या जहाजावर रिट्झ-कार्लटन नावाने वेगळे उपाहारगृह निघाले. तेथे यादी पाहून हवा तो पदार्थ मागवायचा व त्याचे पैसे द्यायचे. पुढे 1912 च्या प्रसिद्ध 'टायटॅनिक'वरही असेच एक उपाहारगृह पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी होते. ते लुइजी गाती नावाच्या इटालियन व्यावसायिकाने चालवायला घेतले होते. म्हणजे जहाज एकाचे आणि भटारखान्याचा ठेका दुसऱ्याचा. ध्यानात घेण्याजोगे हे की, जो प्रवासी सर्व जेवण याच उपाहारगृहात घेईन असे ठरवी, त्याला भाड्यात सूट मिळे. सरळ खाडाच म्हणा ना.

आजच्या जहाजांवर खाडा धरत नाहीत. आपण मोठ्या भोजनकक्षात गेलो नाही म्हणून तिकिटाचा एक रुपयाही परत येत नाही. म्हणून जादा पैसे देऊन घेतलेले जेवण हे त्या रात्रीचे दुसरे जेवण असते. पहिल्याचे पैसे आधीच गेलेले आहेत. व्यापारी माणसाने हिशेब करताना गेलेले पैसे बाजूला ठेवून एवढेच विचारावे की, ही नवी रक्कम दिल्याने जे आधीच मिळत आहे त्याहून अधिक काय मिळणार? पदार्थ अधिक चांगला की नुसती खुर्ची अधिक मऊ?

आता आकड्यांत पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत; प्रत्यक्ष दर कंपनीगणिक व हंगामागणिक बदलतात. समजा माणशी 2,000 रुपये दर आहे, मुलांना निम्मा. नवरा-बायको व दोन मुले मिळून 6,000 झाले. त्यावर सेवेचा आकार असतो. मोठ्या अमेरिकन कंपन्या तो 18 ते 20 टक्के लावतात. 18 टक्के धरले तर 1,080. एकूण 7,080 रुपये, कर आणखी वेगळा. आता हे 7,080 दुकानाच्या भाषेत मांडा. ज्या कापड दुकानदाराला सर्व खर्च वजा जाता शेकडा 6 रुपये उरतात, त्याला एवढे पैसे उरवायला 1,18,000 रुपयांचे कापड विकावे लागेल. दिवसाला हजार रुपये मजुरी सुटणाऱ्या सुतार बांधवाचा तो पुरता आठवडा झाला. रक्कम अशी उलटी मांडून पाहिली की हात आपोआप थांबतो, किंवा थांबत नसेल तर निदान डोळे उघडे ठेवून पुढे जातो.

परदेशी जहाजांवर हा दर डॉलरमध्ये असतो. भाजलेल्या मांसाच्या उपाहारगृहाचा दर बऱ्याच मोठ्या जहाजांवर माणशी 40 ते 60 डॉलरच्या घरात आढळतो. शिवाय आपल्या बँकेचे कार्ड वापरले तर परकीय चलनाचे शुल्क वेगळे बसते.

मालक असे का करतो?

समोरच्याचा धंदा कळला की आपला सौदा नीट होतो, हे मोंढ्यात बसणाऱ्याला सांगायला नको. जहाजाच्या मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटातून येत नाही. तो जहाजावर चढल्यानंतर होणाऱ्या विक्रीतून येतो: दारू, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली, फोटो, इंटरनेट आणि हे जादा जेवण. तिकीट स्वस्त दिसावे म्हणून खाली ठेवायचे आणि नफा आत आल्यावर काढायचा, ही ती रीत. आपल्याकडे उरुसातला पाळणेवाला हे फार आधीपासून जाणतो. आत शिरायला पैसे नाहीत, पण मुलगा बरोबर असेल तर खिसा रिकामा केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

या यादीत दारू आणि जुगार हे दोन मोठे रकाने आहेत. आपला बांधव त्या दोन्ही दुकानांचा गिऱ्हाईक नाही. म्हणून विकणारा त्याच्यापुढे जेवणाचे व सहलीचे ताट अधिक आग्रहाने धरणार, हे ओघानेच आले. तसेच 'सर्व काही समाविष्ट' अशा महागड्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा दारूची किंमत धरलेली असते. जी वस्तू आपण ओठांना लावणार नाही तिची किंमत का भरावी? आरक्षण करतानाच मद्याशिवायचा दर मागावा. फक्त सरबते व थंड पेयांचे वेगळे पॅकेज अनेक जहाजांवर असते. तेही दिवसाला किती पेले पिणार ते मोजूनच घ्यावे.

महाग म्हणजे आपल्यासाठी अधिक चांगले, असे नाही

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पैसे जास्त म्हणजे माल उंची, असे आपण बाजारात गृहीत धरतो. जहाजावरच्या जेवणात आपल्या लोकांपुरते हे बरेचदा उलटे ठरते. कसे ते पाहा. बुफेत शंभर प्रकार असतात. त्यांत भात, डाळ, भाज्या, अंडी, साधी तळलेली मासळी, फळे असतात; माणूस निवडून खाऊ शकतो. खास उपाहारगृहात यादी आखूड असते आणि तिचा सारा भर मांसावर व रश्श्यावर असतो. जपानी रश्श्यांत 'मिरिन' नावाची तांदळाची दारू पडते. इटालियन व फ्रेंच स्वयंपाकात मासळी व भातही वाईनमध्ये शिजवतात. तिरामिसूसारख्या मिठाईत मद्य असते, घट्ट केलेल्या गोड पदार्थांत जिलेटिन असते आणि ते कशाचे याचा पत्ता नसतो. एकाच तव्यावर पाहुण्यांसमोर परतून देण्याचा जो तमाशा असतो, त्या तव्यावर आपल्या आधी काय परतले हे विचारून घ्यावे लागते. म्हणजे जितके पैसे अधिक तितके आपल्या खाण्याजोगे पदार्थ कमी, असा हा उफराटा व्यवहार होतो. परतूरच्या स्नेह्यांचे नेमके तेच झाले.

पुष्कळांची समजूत अशी की, खास उपाहारगृहाचा भटारखाना वेगळा म्हणून मांसही वेगळे. जहाजावर बहुधा सर्व मांस एकाच शीतकोठारातून निघते आणि तेथूनच निरनिराळ्या भटारखान्यांत जाते. म्हणून खालच्या मोठ्या कक्षात हलालची खात्री नसेल तर वर पैसे दिल्याने ती येत नाही. उलट एखाद्या जहाजावर सर्व मांस हलाल पुरवठादाराकडून घेतलेले असेल तर ते फुकटच्या जेवणातही हलालच असते. मांसाच्या मसल्यात ज्याने त्याने आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा. या पानावर आम्ही फक्त गिऱ्हाइकाच्या हक्काचे बोलत आहोत. गिऱ्हाईक म्हणून लेखी विचारायचे ते असे की मांस कोणत्या पुरवठादाराचे, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, रश्श्यात व मिठाईत मद्य पडते काय, आणि डुकराच्या मांसाची भांडी व तवे वेगळे आहेत काय. हे प्रश्न जहाजावर चढल्यावर विचारून उपयोग नाही, कारण तेव्हा कोठार भरलेले असते. कित्येक कंपन्या खास आहाराची मागणी काही आठवडे आधी कळवायला सांगतात, काही तर दीड-दोन महिने आधी. कोकणातील आपले अनेक बांधव पिढ्यान्पिढ्या जहाजांवर खलाशी व भंडारी म्हणून काम करीत आले आहेत. ओळखीत असा कोणी असेल तर त्याच्या दोन शब्दांतून कंपनीच्या रंगीत पुस्तिकेहून अधिक माहिती मिळेल.

काही जहाजांवर हा प्रश्नच सौम्य होतो. सौदी अरबस्तानची 'अरोया' ही क्रूझ डिसेंबर 2024 मध्ये जेद्दाहून सुरू झाली. तिच्यावर दारू नाही व अन्न हलाल आहे. सिंगापूरहून निघणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'ने हलाल-स्नेही जहाज म्हणून प्रमाणपत्र घेतले आहे. तरी त्या जहाजावर प्रत्येक उपाहारगृह प्रमाणित आहे असे समजू नये. कोणते आहे ते विचारून घ्यावे. अशा ठिकाणी जादा पैसे द्यावेत की नाहीत हा निव्वळ चवीचा व खिशाचा प्रश्न उरतो.

मुंबईहून निघणारे जहाज

आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येते ते कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस'. हे जहाज 1990 साली सेवेत आले आणि रॉयल कॅरिबियन या अमेरिकन कंपनीकडे बरीच वर्षे होते. सप्टेंबर 2021 पासून ते मुंबईहून भारतीय प्रवाशांसाठी चालू झाले. गोवा, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी ते करीत आले आहे. तिकिटात 'स्टारलाइट' हा भोजनकक्ष व 'फूड कोर्ट' येतात. आशियाई पदार्थांचे 'चॉपस्टिक्स' हे वेगळे पैसे घेणारे उपाहारगृह आहे. जाण्यापूर्वी त्या सफरीची यादी पुन्हा तपासावी, कारण अशा व्यवस्था हंगामागणिक बदलतात.

दोन रात्रींच्या गोवा सफरीसाठी आमचे मत अगदी सरळ आहे: जादा जेवण घेऊ नये. दोन रात्रींत बुफेचे निम्मे पदार्थही चाखून होत नाहीत, मग कंटाळा यायचा कशाला? अशा जहाजावर तिकिटातले जेवण आपल्याच देशी चवीचे असते. जालन्यात मिळणारे हक्का नूडल्स समुद्रावर दुप्पट पैसे देऊन खाल्ले म्हणून त्यांना खारे वारे लागत नाहीत. तीन जेवणांचे एकत्र 'पॅकेज' स्वस्त म्हणून गळ्यात मारू पाहतात, तेही लहान सफरीत निरर्थक.

मग कधीच देऊ नयेत काय? असे नाही. सात-आठ रात्रींची सफर असेल तर एखादी रात्र वेगळी काढावी. रोज तेच दालन व तीच रांग यांचा कंटाळा खरा असतो. म्हातारे आईवडील बरोबर असतील आणि बुफेच्या गर्दीत ताट घेऊन उभे राहणे त्यांना जमत नसेल, तर बसल्या जागी निवांत वाढले जाण्याला किंमत आहे. अर्थात मोठ्या भोजनकक्षातही टेबलावर वाढतात, ते आधी पाहावे. पदार्थागणिक पैसे घेणारे ठिकाण असेल तर चार माणसांत दोनच पदार्थ मागवून चव घेता येते. माणशी ठोक दराच्या ठिकाणी ही सोय नाही.

आणखी एक प्रसंग आम्हाला व्यापारी म्हणून सर्वांत वजनदार वाटतो. कंपनीच्या सहलीत विभागीय अधिकारी बरोबर असतो. वर्षभर फोनवर दोन मिनिटे न देणारा माणूस जहाजावर मोकळा असतो. त्याच्याशी उधारीची मुदत, मालाची तूट, नव्या तालुक्याची एजन्सी अशा गोष्टी निवांत बोलायच्या असतील तर बुफेच्या कलकलाटात ते होत नाही. त्याला बोलावून शांत टेबलावर तासभर बसण्यासाठी दिलेले दोन माणसांचे पैसे हा धंद्याचा खर्च आहे, जेवणाचा नव्हे. तेथे स्वतः मासळी-भाजी घेतली तरी चालते. मात्र या बिलावरचा जी.एस.टी. वजावटीला मिळेल या भ्रमात राहू नये. खाण्यापिण्याच्या खर्चावरची वजावट जी.एस.टी. कायद्याच्या कलम 17(5) ने बहुतांशी बंद केलेली आहे.

येथेच 'फुकट' सहलीविषयीही सांगून टाकू. 1 जुलै 2022 पासून आयकर कायद्यात तरतूद आली (तेव्हाचे कलम 194 आर) की, धंद्याच्या संबंधाने कोणी आपल्याला वर्षात 20,000 रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिला तर त्यावर 10 टक्के कर कापला जावा. टार्गेटबद्दल दिलेली सहल त्यात येते. बरोबर नेलेल्या कुटुंबीयांचा खर्चही येतो. म्हणजे सहल आपल्या उत्पन्नात धरली जाते, आणि कंपनीने उदारपणे खास जेवणाचे कुपन दिले तर त्याची किंमतही त्यात मिळू शकते. परत आल्यावर आपल्या कर सल्लागाराला सांगून आयकराच्या विवरणात काय नोंद झाली ते पाहावे.

ठरवून घ्यायचेच असेल तर थोडे व्यवहार सांभाळावेत. अनेक कंपन्या जहाज निघण्यापूर्वी नोंदणी केल्यास कमी दर लावतात. दुपारचे जेवण रात्रीपेक्षा स्वस्त असू शकते. नोंदणी करून गेलो नाही तर पुष्कळ ठिकाणी पैसे कापतात, म्हणून रद्द करण्याची मुदत विचारून ठेवावी. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचे कार्ड दाखवले की रक्कम खात्यावर चढते, अगदी किराणा दुकानच्या उधारीच्या वहीसारखी. फरक एवढाच की येथे वही त्यांच्याकडे आणि सही आपली. मुलांच्या कार्डावर खर्च बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगावे. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नये. रोज स्वागतकक्षात जाऊन किंवा खोलीतल्या टी.व्ही.वर खाते पाहावे. उतरण्याच्या सकाळी तेथे मोठी रांग लागते आणि गाडी गाठायच्या घाईत माणूस चुकीची रक्कमही मान्य करून टाकतो.

परतूरच्या आमच्या स्नेह्यांना यंदा पुन्हा सहल मिळाली आहे, या खेपेस मुंबईहून. त्यांनी सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला महिनाभर आधीच लेखी तीन प्रश्न पाठवले: मांसाचा पुरवठादार कोण, बरोबर येणाऱ्या आईंसाठी भोजनकक्षात खालच्या मजल्यावर टेबल मिळेल काय, आणि खास जेवणाचे कुपन नको असल्यास त्याची रक्कम सहलीच्या किमतीतून वजा होईल काय. पहिल्या दोहोंची उत्तरे आठ दिवसांत आली. तिसऱ्याचे अद्याप आलेले नाही.